थंड आणि हवेशीर जागी

१८ मे २०२५, रविवार

आज सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी माझ्या पेट्रोलमध्ये पाणी निघालं.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे लागेल. विमा कंपनीच्या दावा विभागात माझी नोकरी झाली. ज्या माणसाला वेळ आठवत नाही त्याचं बाकीचंही खरं धरू नये, एवढं तिथे शिकले.

घडलं ते असं. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर वाळकं गाजरगवत कमरेइतकं उभं आहे. गेल्या पावसाळ्यात त्यातून एक घोणस निघाली आणि अध्यक्ष नंदकुमार यांच्या पोर्चमध्ये जाऊन बसली. तेव्हापासून समितीला बागेचं महत्त्व पटलं. गवत कापायचं पेट्रोलचं यंत्र घेतलं. यंत्र आणि इंधन माझ्या घरी राहील असं मी ठरवलं, कारण मी सचिव आहे, आणि नंदकुमारांच्या घरी ठेवायला दिलेली शिडी समितीने पुन्हा पाहिलेली नाही.

गेल्या रविवारी ताजं पेट्रोल घालून यंत्र चालवून पाहिलं होतं, तेव्हा एका झटक्यात सुरू झालं. आज रीतसर उद्घाटन होतं. नंदकुमारांनी नारळ फोडला. आमचा माळी जितेंद्र याने दोरी ओढली. यंत्र दोनदा खोकलं आणि गप्प झालं. जितेंद्र दोरी ओढत राहिला, घामाने निथळला, आणि नंदकुमार मोबाइलवर त्याचं चित्रण करत राहिले. शेवटी म्हणाले, "ज्योत्स्नाताई, थोडं रॉकेल टाकून पाहा. आमच्या पेपर मिलमध्ये असंच करायचे." पेपर मिलचा विषय निघाला की मी बोलत नाही.

घरी येऊन साठवणीच्या कॅनमधलं पेट्रोल सरबताच्या स्वच्छ बाटलीत ओतलं आणि खिडकीशी धरलं. वर नारिंगी, खाली पाणी. मध्ये वहीतल्या समासासारखी सरळ रेघ.

या पेट्रोलला तिघांचे हात लागले: पंपावरचे लोक, जितेंद्र आणि मी. माझं नाव मी वगळलं आहे.

१९ मे

इंधनाची निवड आणि साठवण मी कशी केली ते लिहून ठेवते. उद्या हलगर्जीपणाचा आरोप माझ्यावर यायला नको.

यंत्र टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलमध्ये त्याचं वेगळं तेल मिसळून द्यावं लागतं. नंदकुमारांनी डिझेल सुचवलं. ज्याने यंत्र विकलं त्याने पंपावरचं महागातलं पेट्रोल सुचवलं, कारण विचारलं तर "क्वालिटी" एवढंच म्हणाला. मी पुस्तिका वाचली आणि साधं पेट्रोल घेतलं. तेल कापणीच्या दिवशी मिसळायचं, लागेल तेवढंच; मिसळलेलं इंधन उरवून ठेवायचं नाही. इथपर्यंत सगळं ठीक.

साठवणीबद्दल पुस्तिकेत एकच ओळ आहे: "ईंधन को ठंडी और हवादार जगह पर रखें।" लिहिणारा मे महिन्यात बुऱ्हाणपुरात राहिलेला नसावा. पहिल्या दिवशी कॅन जिन्याखाली ठेवला, तर दुपारी तो पंगतीतून उठलेल्या माणसासारखा फुगला. स्वयंपाकघरात माठाशेजारी गारवा असतो, पण तिथे गॅस आहे, आणि मला अजून वेड लागलेलं नाही. विचार करता लक्षात आलं की या घरात थंड आणि हवेशीर अशी एकच जागा आहे. मागच्या खोलीतला कूलर.

कूलरच्या टाकीत दोन विटा ठेवल्या आणि त्यांवर कॅन, म्हणजे खालच्या पाण्याचा स्पर्श नको. तिन्ही बाजूंनी खसाची ओली जाळी, समोर पंखा. झाकण अर्धा आटा सैल ठेवलं, कारण वाफेला वाट हवी. कुकरला शिट्टी उगाच नसते. देवघर त्याच खोलीत होतं, ते वन्संचा विरोध पत्करून पुढच्या खोलीत हलवलं. पेट्रोलजवळ निरांजन चालत नाही, एवढं मला कळतं.

आता यात कुणी चूक काढून दाखवावी.

वन्सं म्हणजे सरस्वती, माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, एकमेकींवर लक्ष ठेवायला. त्या आज म्हणाल्या, "ज्योत्स्ना, कूलरमधून पंपावरचा वास येऊन राहिला वं."

"खस जुनी झाली असेल."

"खसाले असा वास येत नाही. मले झोपेत वाटते मी बसस्टँडवर पडली आहे."

वन्संचं नाक पूर्वीपासून संशयी आहे.

२० मे

जितेंद्रला बोलावून विचारलं.

पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल देत नाहीत. म्हणून जितेंद्र आपल्या जुन्या मोटरसायकलची टाकी भरून आणतो, माझ्या फाटकाशी गाडी उभी करून खालची नळी काढतो आणि कॅनमध्ये धार सोडतो. सगळं गाव असंच करतं. पण याचा अर्थ असा की माझं पेट्रोल माझ्यापर्यंत पोहोचण्याआधी त्याच्या गाडीच्या पोटातून जातं. दाव्याच्या कामात अशा ठिकाणी आम्ही पेन्सिलीने गोल करायचो.

"मॅडमजी, टाकीत पाणी राहिलं असतं तर माझी गाडी रस्त्यातच बंद पडली असती ना? तेच पेट्रोल आहे. आता बी चालू आहे."

"म्हणजे स्वतःला चांगलं ठेवलंस."

"एकाच टाकीत चांगलं अलग आणि खराब अलग कसं ठेवू मॅडमजी?"

"तेच मी तुला विचारते आहे."

त्याने खाली चपलांकडे पाहिलं. खाली पाहिल्याची नोंद घेतली.

जाता जाता फाटकापाशी थांबून म्हणाला, "मॅडमजी, खोलीचं काम रुकणार तर नाही ना?" प्लॉटवर पाण्याच्या मोटारीशेजारी माळ्याची खोली आहे. ती त्याला देण्याचा ठराव पुढच्या बैठकीत आहे. सध्या तो सिंधीपुऱ्यात एका खोलीत बायको आणि मुलीसह राहतो. मुलगी निशा, पहिलीत जायची. आमच्या कॉलनीजवळच्या शाळेला पत्ता याच वॉर्डातला लागतो. खोली मिळाली तर पत्ता, पत्ता मिळाला तर शाळा. ठरावावर सही माझी लागते.

मी म्हणाले, चौकशी आणि ठराव या वेगळ्या गोष्टी आहेत. त्याने मान हलवली, पण ते त्याला पटलेलं दिसलं नाही.

२२ मे

पंपावर गेले. बाटली बरोबर नेली होती. मॅनेजर तरुण आहे, शर्ट इस्त्रीचा, बोलणं अर्धं हिंदीत. त्याने कांबीला कसलंसं मलम लावून ती जमिनीखालच्या टाकीत सोडली आणि वर काढून दाखवली. "मॅडम, देखिए. पाणी असतं तर याचा रंग बदलला असता." रंग बदलला नाही. दुसऱ्या टाकीतही करायला लावलं. तिथेही नाही.

मग त्याने माझी बाटली हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं मॅडम, शंभरात वीस भाग. त्याला पाणी लागलं की ते पेट्रोलला सोडून पाण्याशी सोयरीक करतं आणि खाली बसतं. ठेवता कुठे तुम्ही?"

"थंड जागी. पुस्तिकेप्रमाणे."

"फिर तो ठीक है," तो म्हणाला.

मी त्याला हे लेखी द्यायला सांगितलं. त्याने पंपाचं कॅलेंडर दिलं.

पंप निर्दोष. उरले दोघे, त्यातली एक मी.

२४ मे

यंत्र दुरुस्तीला लोटूकडे नेलं. लोटू बस स्टँडच्या मागे बसतो, दुकानावर "सर्व मशीन स्पेशालिस्ट" असं लिहिलेलं आहे आणि आत एक शिवणयंत्र वर्षभर उघडं पडलेलं आहे. त्याने कार्बोरेटर खोलला, त्यातला हिरवट चिकटा मला दाखवला आणि एकामागून एक कारणं द्यायला लागला.

"आंटीजी, पहिली गोष्ट, मशीन चायना."

"भारतीय आहे. आणि मी आंटी नाही."

"मग नारळ फोडला ना, त्याचं पाणी उडालं असंल."

"नारळ आधी फोडला होता, आणि वीस पावलांवर."

"मग पेट्रोल पाणी प्यालं. आताचं पेट्रोल हवेतून पाणी पितं, काय सांगू! झाकण ढिलं राहिलं की ओढत राहतं. घट्ट बंद करा, महिन्याच्या आत वापरा, मशीन ठेवायच्या आधी टाकी खाली करा."

पेट्रोल हवेतून पाणी पितं. हे तो माझ्या तोंडावर, सरळ चेहऱ्याने म्हणाला. मे महिन्यात, जेव्हा इथल्या हवेत ओठ फुटतात. मी विचारलं, ही माहिती कुठून मिळाली. म्हणाला, "मोबाइलवर." त्याच मोबाइलवर त्याने मला लिंबाने कार्बोरेटर साफ करणारा एक माणूसही दाखवला. मी कार्बोरेटर साफ करून घेतला आणि बाकीचं तिथेच ठेवून आले.

वन्संना दोन दिवस डोकेदुखी आहे. मलाही थोडी आहे. ऊन.

२७ मे

समितीची बैठक. जितेंद्रच्या खोलीचा ठराव आला तेव्हा मी इतकंच सांगितलं की इंधनात पाणी आढळलं आहे, पंप तपासला आहे, चौकशी अपुरी आहे. तोवर सही करणं मला योग्य वाटत नाही. चोर हा शब्द मी उच्चारला नाही. उच्चारायची गरज पडली नाही.

नंदकुमार खुर्चीत पुढे सरकले. "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, ताई. देडतलाईकडचा माणूस, इथे त्याची ओळख कुणाला? माझ्या पाहण्यात एक चांगला माळी आहे."

"तुम्ही पहिल्यापासून रॉकेल सांगत होतात," मी म्हणाले.

सगळे हसले, पण ठराव बाजूला राहिला. येताना मला बरं वाटत नव्हतं. नंदकुमार माझ्याशी सहमत झाल्याचं या आधी एकदाच घडलं होतं, आणि तेव्हा पाण्याची पाइपलाइन उलट्या उतारावर घातली गेली.

२९ मे

दुपारी बारा वाजता फाटक वाजलं. जितेंद्रची बायको पूनम, बरोबर निशा. हातात यंत्राचा खांद्यावर घ्यायचा पट्टा आणि डोळ्यांवर लावायचा चष्मा.

"बाईजी, हे तुमचं. पट्टा धुतला आहे."

"जितेंद्र कुठे आहे?"

"देडतलाईले गेले, सामान ठेवाले. सिंधीपुऱ्याची खोली खाली करून राहिलो."

"मी त्याला चोर म्हटलेलं नाही."

"तुम्ही नाही म्हटलं. पूर्ण कॉलनीनं म्हटलं, तुमचं नाव घेऊन."

मी आत येऊन बसायला सांगितलं. ती उंबऱ्यातच थांबली. पाण्याचा पेला पुढे केला तो तिने घेतला, निशाला पाजला आणि स्वतः न पिता परत दिला.

"आणि हिची शाळा?"

"तिथं बी शाळा आहे. मास्तर हप्त्यातून दोन दिवस येतात, पण आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "तिथं हिच्या बापाले लोक नावानं ओळखतात बाईजी. कुणी वास घेऊन पाहत नाही."

इतक्या उन्हात पाणी न पिता जाणं प्रकृतीला चांगलं नाही. मी तसं सांगणार होते, पण ती वळणापलीकडे गेली होती.

पट्टा खरोखरच धुतलेला आहे. बकलसुद्धा पुसलं आहे. वन्सं पट्ट्याकडे पाहून म्हणाल्या, "चोर धुऊन नाही देत वं."

मी म्हणाले, दावा भावनेवर निकाली काढता येत नाही.

३१ मे

प्रकरणाचा निकाल लावायचं ठरवलं. या वेळी पेट्रोल मी स्वतः आणलं. पंपावर कॅन पुढे केला. नाही म्हणाले. मी बाजूला झाले नाही आणि बोलत राहिले. मागे हॉर्न वाजायला लागले. मॅनेजर काचेआडून बाहेर आला, मला ओळखलं आणि पोऱ्याला म्हणाला, "दे दो भैया, दे दो." थेट नळीतून कॅनमध्ये. मधला हात नाही.

घरी आल्यावर बाटलीत ओतून पाहिलं: एकच रंग, रेघ नाही. कॅन पुन्हा त्याच जागी, त्याच विटांवर ठेवला. झाकण अर्धा आटा सैल, त्यावरून आडवा दोरा बांधला आणि गाठीवर लाखेचं सील केलं. सीलवर माझ्या अंगठीचा ठसा. आता कुणी झाकणाला हात लावला तर कळेल.

वन्सं दारातून पाहत होत्या. "हे काय करून राहिली?"

"पुरावा."

"कूलरमधे?"

"हो."

"बरं," म्हणाल्या, आणि आपली उशी घेऊन पुढच्या खोलीत, देवघराशेजारी झोपायला गेल्या. इतक्या उकाड्यात कूलर सोडून जाण्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही.

८ जून, रविवार

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. शाळेत सिस्टर म्हणायच्या, काही घडलं नसेल त्या दिवशी लिहू नका, नाहीतर माणूस घडवायला लागतो.

आज सील तपासलं. अखंड. ठसा माझाच. दोरा तोडला, बाटलीत ओतलं.

वर नारिंगी. खाली पाणी.

मी खुर्चीवर बसले. जितेंद्र दहा दिवस या शहरात नाही. पंपाचं पेट्रोल मी डोळ्यांनी पाहून आणलं. घरात दोनच माणसं. वन्संना बोलावलं.

"वन्सं, खरं सांगा. कॅनला हात लावलात?"

"मी?"

"सील न मोडता पाणी घालता येतं. सुईने वगैरे."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचं म्हणणं शब्दशः लिहून ठेवते, जबाब म्हणून.

"ज्योत्स्ना, तू इतकी शिकलेली. इंग्लिशमधे भांडते. पण ते तू कूलरमधे ठेवलं आहे, बाई. कूलरमधे पाणी नाही पडणार तर काय तूप पडन?"

मी उठले. कूलरची मागची बाजू उघडली. मोटर चालू होती. खसाच्या वरच्या पन्हळीतून पाणी झिरपत होतं, जाळीच्या कोपऱ्यातून एक थेंब सुटायचा आणि बरोबर झाकणावर पडायचा. झाकणाच्या कडेने फिरायचा. मग सैल आट्यातून आत जायचा. पुढचा थेंब तयार असायचा. शिवाय सगळी हवा इतकी ओली की विटांवर शेवाळ आलेलं.

मी बराच वेळ पाहिलं. वन्सं मागे उभ्या होत्या. 

मग मी कूलर बंद केला. कॅन बाहेर नेला, अंगणात. खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. वन्सं म्हणाल्या, "आता बसस्टँड गेलं."

निष्कर्ष आज लिहीत नाही. उन्हाने डोळे चुरचुरतात.

१० जून

समितीची तातडीची बैठक मी बोलावली. नंदकुमार येतानाच खुशीत होते. त्यांच्या पाहण्यातला माळी बाहेर झाडाखाली बसला होता.

मी उभी राहून सांगितलं की जितेंद्रबाबतचा माझा शेरा मागे घ्यायचा आहे.

"कारण?" नंदकुमार.

"पाणी बाहेरून आलेलं नाही. घरात शिरलं."

"घरात कुठून?"

"कूलरमधून."

"कूलरचं पाणी कॅनमध्ये कसं जाईल?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. रात्रभर ठाऊक होतं. "कॅन कूलरमध्ये होता," मी म्हणाले.

 नंदकुमारांनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्योत्स्नाताई. पेट्रोल. चालू कूलरच्या आत. मोटर फिरत असताना."

"दोन विटांवर," मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली, जणू कॅन माझ्या पर्समध्ये आहे. "एक ठिणगी उडाली असती ना, तर तुम्ही दोघी..."

"तो आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

एरवी मी त्यांना पुढे बोलू दिलं नसतं, पण पुढचं त्यांनी बरोबर सांगितलं. मिलमध्ये ते भांडारात होते. पेट्रोल घराच्या आत ठेवायचंच नाही. पत्र्याचा किंवा पेट्रोलसाठीच बनवलेला डबा, झाकण घट्ट. सावलीत, जमिनीवर, मोटर आणि विस्तवापासून लांब. थोडं आणायचं आणि संपवायचं. मी लिहून घेतलं. हे त्यांच्या तोंडून ऐकावं लागणं ही या प्रकरणात माझी झालेली खरी हानी.

"म्हणजे तुम्ही माघार घेता," ते म्हणाले.

"हो. घ्या लिहून. आणि पेट्रोल कुठे होतं तेही लिहा. कॉलनीत जितक्या लोकांनी पहिलं ऐकलं तितक्यांना हे कळलं पाहिजे."

"पण खोलीचं मी दुसऱ्याला सांगून बसलो. शब्द दिला आहे."

"लेखी?"

"लेखी नाही."

"मग पुढे चला."

अखेर असं ठरलं: जितेंद्रचा लेखी होकार शनिवार, १४ तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत आला तर खोली त्याची. नाहीतर झाडाखालच्या माणसाची. शाळेतही विचारून आले. निशाचं नाव सोमवारपर्यंत घेतील, पत्त्याच्या कागदासह.

फोन लावला. जितेंद्र उचलत नाही. त्याच्या जागी मीही उचलला नसता.

११ जून

सकाळी गवंडी बोलावून मागच्या कंपाउंडच्या भिंतीत, कडुनिंबाच्या सावलीत, कोनाडा करून घेतला. लोखंडी जाळीचं दार, खाली-वर हवा जायला जागा. घरापासून लांब. पत्र्याचा नवा डबा आणला, झाकण रबराच्या कडीचं, घट्ट. आधीचं पेट्रोल लोटूच्या हवाली केलं. तो म्हणाला, "बोललो होतो ना, ढिलं झाकण?" मी म्हणाले, बोलला होतास. मग तो म्हणाला, "आणि नारळ?" तेव्हा मी निघाले.

दुपारी जितेंद्रला पत्र लिहिलं. उद्या सकाळच्या बसने देडतलाईला जाऊन हातात देणार. टपालावर विसंबण्याइतके दिवस नाहीत. वन्संना वाचून दाखवलं.

त्या म्हणाल्या, "यात माफी कुठं आहे वं?"

"पत्रात विषय असतो, निर्णय असतो आणि मागणी असते."

"माफीची जागा नसते?"

"नसते."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग तो किल्लीचा भाग वर घे."

घेतला. पत्राची नक्कल खाली उतरवते.

श्री. जितेंद्र यांस,
मु. देडतलाई

विषय: माळ्याची खोली, इंधन आणि तुम्ही.

१. इंधनासाठी माझ्या घरामागे नवा कोनाडा बांधला आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली एकच आहे आणि ती तुमच्याकडे राहील. मला डबा पाहायचा असल्यास मी तुमच्याकडे किल्ली मागेन. दुसरी किल्ली करून घेतलेली नाही, घेणारही नाही.

२. पेट्रोलमध्ये आढळलेलं पाणी माझ्या कूलरचं होतं. हे समितीच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितलं आहे आणि इतिवृत्तात लिहिलं आहे. इतिवृत्त उद्यापासून फाटकावरच्या फळ्यावर लागेल. तुमच्याबद्दलचा माझा शेरा त्यातून काढला आहे. तो लिहायलाच नको होता.

३. पेट्रोल पूर्वीप्रमाणे तुमच्याच गाडीतून यावं. त्या पद्धतीत काही दोष नव्हता.

४. यापुढे इंधन थोडंच आणावं, झाकण घट्ट लावावं, कापणी झाल्यावर यंत्राची टाकी रिकामी करावी. या बाबतीत मी चुकताना दिसले तर तोंडावर सांगावं. मी वाद घालेन. तरी सांगावं.

५. यंत्राचा पट्टा तुमच्या मापाने बांधलेला आहे, तो इतर कुणाला बसत नाही. मी घालून पाहिला.

६. निशाचं नाव शाळा सोमवारपर्यंत घेईल. पत्त्याच्या कागदावर सही करून तो सोबत जोडला आहे. तुम्ही नकार दिलात तरी हा कागद परत मागणार नाही.

७. पूनम यांना सांगावं की पाणी न पिता उन्हात जाऊ नये.

वरील खोली स्वीकारता की नाही, याचं लेखी उत्तर शनिवार, १४ जून २०२५ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत माझ्या हाती मिळावं. तोंडी उत्तर समिती धरणार नाही. नकार असेल तर कारण द्यावं. कारण मी असेन तर तसं स्पष्ट लिहावं, भीड ठेवू नये. कागद कमी पडला तर मागच्या बाजूला लिहावं. मी वाचेन.

ज्योत्स्ना
सचिव